छोट्या खासगी शाळेत आरटीई २५ टक्के आणि फी प्रतिपूर्ती: पहिल्या वर्षाची तयारी कशी करावी?

ओसरी
नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण तपशील दिला नाही की उत्तरं मोघम येतात, म्हणून सगळंच लिहिते.

शाळा तालुक्याच्या गावी, इंग्रजी माध्यम, स्वयंअर्थसहाय्यित. नर्सरी ते सिनियर केजी आधीपासून आहे. पहिलीचा वर्ग परवानगी मिळून गेल्या जूनमध्ये सुरू झाला. दरवर्षी एकेक इयत्ता वाढवत आठवीपर्यंत जायचं आहे. प्रत्येक वर्गाची एकच तुकडी, क्षमता ४०. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली, अल्पसंख्याक दर्जा नाही, जागा संस्थेने बाजारभावाने विकत घेतलेली. फी पहिलीची २२,००० रुपये, केजीची १८,०००.

येत्या प्रवेशांसाठी आरटीई पोर्टलवर शाळा नोंदवायची आहे (शिक्षण हक्क कायद्याखाली २५ टक्के जागांवर वंचित-दुर्बल गटांतली मुलं मोफत घ्यायची आणि सरकार त्यांच्या फीची प्रतिपूर्ती करतं, तेच) आणि विश्वस्तांत तीन तोंडं तीन दिशांना आहेत. एक म्हणतात, नकोच, सरकारी पैशामागे सरकारी माणसं येतात. दुसरे म्हणतात, घ्याच, उद्या त्यातूनच शाळा अनुदानावर येईल. तिसरे म्हणतात, दहा मुलांची फी सरकार भरणार म्हणजे एका शिक्षिकेचा पगार सुटला.

माझे प्रश्न: हे ऐच्छिक आहे का? पैसे नक्की किती आणि कधी येतात? वेगळं खातं लागतं का? आणि पहिल्याच वर्षी कोणती कागदपत्रं नीट केली नाहीत तर पुढे दावा अडकतो?

बारा_एक_सी
आधी तिन्ही विश्वस्तांना एकेक उत्तर.

ऐच्छिक नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. त्यातलं २५ टक्क्यांचं कलम १२(१)(सी) विनाअनुदानित शाळांनाही लागू आहे. अल्पसंख्याक शाळांना सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये या कायद्यातून वगळलं, तुमच्याकडे तो दर्जा नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने नियम बदलून, सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने मे मध्ये त्याला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ ला तो बदल रद्दच केला. तेव्हा 'समोर झेडपीची शाळा आहे' ही सबब आता चालत नाही.

अनुदानाचं स्वप्न सोडा. स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा २०१२ चा आहे आणि त्याखाली परवानगी घेतानाच संस्था 'अनुदान मागणार नाही' असं मान्य करते. प्रतिपूर्ती हे अनुदान नव्हे. ठरावीक मुलं मोफत शिकवल्याचा तो परतावा आहे. या दोन शब्दांची गल्लत विश्वस्तांच्या बैठकीत झाली की पुढचे सगळे हिशेब चुकतात.

पगाराचं @जमाखर्च सांगतील, त्यांचा विषय आहे.

आता मान्यता. सगळ्याची किल्ली नमुना २ म्हणजे आरटीई मान्यतेचं प्रमाणपत्र. परवानगी वेगळी, नमुना २ वेगळा. मुदत तीन वर्षांची असते आणि नूतनीकरणासाठी नमुना १ हे स्वयंघोषणापत्र पुन्हा भरावं लागतं. ज्या वर्षी नमुना २ ला खंड पडतो त्या वर्षीचा दावा अडकतो, मुलं वर्गात बसलेली असली तरी. त्यामुळे मुदत संपायच्या सहा महिने आधी प्रस्ताव गटशिक्षणाधिकारी कार्यालयात द्या आणि आवक क्रमांक असलेली पोचप्रत जपून ठेवा. नूतनीकरण कार्यालयात पडून राहिलं तर 'आमच्याकडून उशीर नाही' हे सिद्ध करायला ती पोचच उपयोगी पडते.

नमुना २ हातात आला की तिथेच उभं राहून चार गोष्टी वाचा: शाळेचं नाव, पत्ता, इयत्ता आणि कालावधी. नावातच सर्वाधिक घोळ होतो. प्रमाणपत्रावर 'अमुक इंग्लिश मीडियम स्कूल', यूडायसवर (शाळांच्या सरकारी माहितीप्रणालीवर) 'अमुक इंग्लिश स्कूल', बँकेत 'अमुक शिक्षण प्रसारक मंडळ'. माणसाला कळतं की तिन्ही एकच, पण रक्कम पाठवणाऱ्या प्रणालीला कळत नाही. आणि इयत्ता दरवर्षी वाढवणार असाल तर प्रमाणपत्रात ती इयत्ता आलीय का हे दर जूनमध्ये पाहा. दुसरीची परवानगी आली पण नमुना २ पहिलीचाच राहिला, ही चूक वाढत्या शाळांत हमखास होते.

पाहणीत कायद्याच्या परिशिष्टातले निकष बघतात: प्रत्येक शिक्षकाला एक वर्गखोली, कार्यालय-भांडार-मुख्याध्यापकांची खोली, मुलग्यांची आणि मुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, रॅम्प, खेळायला जागा, कुंपण किंवा भिंत, ग्रंथालय. पहिली ते पाचवी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवी २२० दिवस आणि १,००० तास. शिक्षकसंख्या पटावर: ६० पर्यंत दोन, ९० पर्यंत तीन, १२० पर्यंत चार, २०० पर्यंत पाच. रॅम्प असतो पण त्याच्या टोकाला एक पायरी असते, अशी शाळा हमखास भेटते. ती पायरी आधीच काढा.

शिक्षकांच्या टीईटीकडेही (शिक्षक पात्रता परीक्षा) दुर्लक्ष नको. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर सेवेतल्यांनाही ती लागू झाली आहे. नवी नेमणूक करताना टीईटीचं प्रमाणपत्र आधी बघा, मुलाखत नंतर.

शेवटचं आणि तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं: प्रवेशस्तर, म्हणजे ज्या वर्गापासून आरटीईचे प्रवेश द्यायचे तो. तुमच्याकडे नर्सरी आहे. कायदा म्हणतो की शाळेत पूर्वप्राथमिक असेल तर २५ टक्के तिथेही लागू. पण पूर्वप्राथमिकच्या वर्षांची प्रतिपूर्ती हिशेबात धरू नका, सरकार पहिलीपासून मोजतं. समजा पहिली हाच प्रवेशस्तर धरला, तरी सिनियर केजीत ४० मुलं असतील आणि ती सगळी वर सरकली तर पहिलीत आरटीईची १० मुलं कुठे बसवणार? त्यासाठी केजीची क्षमता आजच ३० वर आणा. मार्चमध्ये हे लक्षात आलं तर दहा पालकांना 'तुमच्या मुलाला पहिलीत जागा नाही' असं सांगायची वेळ येते आणि तक्रार तिथूनच सुरू होते. प्रवेशस्तर कोणता दाखवायचा ते गटशिक्षणाधिकाऱ्यांशी लेखी बोलून ठरवा, तोंडी नको.

जमाखर्च
तिसऱ्या विश्वस्तांसाठी आकडे.

कायदा सांगतो: राज्याचा दर मुलामागचा खर्च किंवा शाळेची प्रत्यक्ष फी, यांतली जी रक्कम कमी असेल ती. महाराष्ट्रात गेली काही वर्षं हा दर १७,६७० रुपये राहिला आहे (करोनाच्या २०२०-२१ सालासाठी तो ८,००० केला होता). तुमची फी २२,०००. म्हणजे मुलामागे १७,६७० येणार आणि ४,३३० संस्थेच्या अंगावर. फी १४,००० असती तर १४,०००च आले असते, १७,६७० नव्हे. कमी फीच्या शाळा इथे फसतात, त्यांना वाटतं सगळ्यांना सरसकट १७,६७० मिळतात.

पहिल्या वर्षी १० मुलं: येणे १,७६,७००, तूट ४३,३००. महिन्याला भागलं तर १४,७२५ रुपये. कागदावर एका शिक्षिकेचा पगार दिसतो खरा. पण ती रक्कम महिन्याला येत नाही, वर्षअखेरही येईलच असं नाही. दावा, पडताळणी, जिल्ह्याचा प्रस्ताव, निधीची तरतूद आणि मग वाटप, या साखळीत वर्ष-दोन वर्षं सहज जातात आणि आली तरी बऱ्याचदा तुकड्यांत येते. पगार मात्र दर महिन्याला द्यायचा असतो.

आणि हे दरवर्षी साचत जातं. आठवीपर्यंत गेलात की आरटीईची मुलं ८०. वर्षाचं येणे १४,१३,६००, तूट ३,४६,४००. दोन वर्षं थकली तर २८,२७,२०० रुपये नुसते येणे खात्यात. छोट्या शाळा बुडतात त्या तुटीने नव्हे, या थकबाकीने. तूट आधी दिसते, तिची सोय करता येते.

तुटीची सोय म्हणजे फीच्या अंदाजपत्रकात ती पहिल्या दिवसापासून धरणं. ३० फी भरणाऱ्या मुलांवर ४३,३०० वाटले तर मुलामागे सुमारे १,४४३ रुपये. फी नियमनाचा २०११ चा कायदा पाळून, पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे हा आकडा उघड मांडा. व्यवस्थापनाने प्रस्ताव पुढचं वर्ष सुरू व्हायच्या सहा महिने आधी समितीपुढे ठेवायचा असतो आणि ठरलेली फी दोन वर्षं टिकते. म्हणजे जूनसाठीचा कागद डिसेंबरच्या आत हलला पाहिजे.

फी वाढवली की तूटही वाढते, हे विसरतात. १५ टक्क्यांनी वाढवून २५,३०० केली तर मुलामागची तूट ४,३३० वरून ७,६३० वर जाते. सरकारचा दर तुमच्या फीबरोबर वाढत नाही.

दाव्यात कार्यकारी समितीच्या ठरावातली फी, इतर पालकांना दिलेल्या पावत्यांवरची फी आणि तुम्ही मागितलेली फी, असे तीन आकडे येतात. तिन्ही सारखे हवेत. भावंडसवलत, लवकर भरल्यास सूट असलं काही देत असाल तर ते ठरावात लिहा आणि पावतीवर वेगळी ओळ करून दाखवा: पूर्ण फी इतकी, सवलत इतकी, भरले इतके. नुसतं १६,००० ची पावती फाडली तर 'प्रत्यक्ष फी १६,०००' असा अर्थ निघतो आणि तुमचा दर १७,६७० वरून १६,००० वर येतो.

वेगळं खातं: हो, लागतं. शाळेच्या नावाने उघडा, संस्थेच्या नावाने नको, आणि त्यात फी जमा करू नका. पैसे थेट खात्यात येत असल्यामुळे खात्याचा तपशील एकदा चुकला की रक्कम परत जाते आणि पुन्हा वाटपाच्या रांगेत शेवटी उभं राहावं लागतं. तीन कारणांनी असं होतं:

पहिलं, खातं निष्क्रिय होणं. दोन वर्षं खातेदाराने व्यवहार केला नाही की बँक खातं निष्क्रिय यादीत टाकते. प्रतिपूर्तीचं खातं तर मुळातच वर्षभर शांत असतं! दर सहा महिन्यांनी शाळेने स्वतः ५०० रुपये भरावेत किंवा काढावेत. बँकेने लावलेलं व्याज व्यवहार धरत नाहीत.

दुसरं, जुना आयएफएससी, म्हणजे बँकशाखेचा कोड. एप्रिल २०२० मध्ये सिंडिकेट बँक कॅनरात, आंध्र आणि कॉर्पोरेशन बँक युनियनमध्ये, अलाहाबाद बँक इंडियन बँकेत गेली. जुन्या शाळांच्या नोंदीत अजून जुनेच कोड सापडतात. तुमचं खातं नवीन असेल, तरी शाखा हलली की कोड तपासा.

तिसरं, सह्या. विश्वस्त बदलले आणि धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज ९० दिवसांत गेला नाही, की बँक नव्या सह्या घेत नाही. परिशिष्ट १ चा (धर्मादाय कार्यालयातली विश्वस्तांची नोंद) ताजा उतारा फाइलला लावून ठेवा.

नोंद कशी करायची: 'आरटीई प्रतिपूर्ती येणे' असं एकच खातं नको. २०२६-२७ चं वेगळं, २०२७-२८ चं वेगळं. जमा होताना बँकेच्या तपशिलात साल लिहिलेलं नसतं. शिक्षणाधिकारी (प्राथमिक) कार्यालयातून वाटपाच्या आदेशाची प्रत घ्या, त्यात शाळानिहाय आणि सालनिहाय रक्कम असते. ती प्रत न घेता सगळं चालू वर्षात जमा धरलं की दोन वर्षांनी कोणत्या सालचे किती बाकी हे सांगता येत नाही, आणि जे सांगता येत नाही ते मागताही येत नाही.

माझ्या मते नियम एकच ठेवा: आलेली प्रतिपूर्ती चालू वर्षाच्या पगाराला लावायची नाही. पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात घ्यायची. मग उशीर झाला तर कुणाचा पगार थांबत नाही.

हजेरीपट
वरच्या दोघांनी मोठी कामं सांगितली. मी मुलाच्या फाइलचं सांगतो, कारण दावा मुलागणिक पास होतो आणि मुलागणिकच कापला जातो.

आरटीईच्या प्रत्येक मुलाची वेगळी फाइल प्रवेशाच्या दिवशीच उघडा. आत: पोर्टलवरून निघालेलं प्रवेशपत्र (पडताळणी समितीच्या सही-शिक्क्यासह), निवासाचा पुरावा, जन्माचा दाखला, वंचित गटासाठी जातीचा दाखला किंवा दिव्यांग प्रमाणपत्र, दुर्बल गटासाठी एक लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला, मुलाचं आणि पालकांचं आधार. भाडेकरार असेल तर तो नोंदणीकृत असावा आणि अर्जाच्या तारखेच्या आधीचा असावा. जातीचा दाखला परराज्यातला नाही ना हे पाहा. वंचित गटाला उत्पन्नाची अट नाही, तेव्हा त्यांच्याकडे उत्पन्नाचा दाखला मागत बसू नका.

कागद तपासून मूल पात्र की अपात्र हे ठरवायचा अधिकार पडताळणी समितीचा आहे, शाळेचा नाही. शंका आली तर लेखी कळवा, पण प्रवेश रोखून धरू नका. पालक प्रवेशपत्र घेऊन आले की त्याच दिवशी शाळेच्या लॉगिनमधून 'प्रवेश झाला' ही नोंद करा. शाळेत मूल बसलंय आणि पोर्टलवर मात्र प्रवेश प्रलंबित, असं झालं की मुदत संपते, जागा प्रतीक्षा यादीला जाते आणि बसलेलं मूल दाव्यात मोजलंच जात नाही.

आता आधार. मूल वैध ठरायला नाव, जन्मतारीख आणि लिंग हे तिन्ही आधारशी तंतोतंत जुळावं लागतं. पहिलीतल्या मुलांचं बहुतेक निळं बाल आधार असतं, पाच वर्षांनंतर बोटांचे ठसे आणि डोळे घेऊन ते अद्ययावत करायचं असतं, ते झालेलं नसतं. नावाचा घोळ कसा होतो ते पाहा: जनरल रजिस्टरवर (शाळेच्या प्रवेशनोंदींच्या वहीत) आडनाव आधी, आधारवर आडनाव शेवटी. इंग्रजीत लिहिताना 'विश्वजीत' एकीकडे व्ही ने, दुसरीकडे डब्ल्यू ने. जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव, आधारवर 'भाऊ' किंवा 'राव' जोडलेलं. जन्मतारखेत तर १ जानेवारी किंवा १ जून दिसली की समजायचं, कुणीतरी अंदाजाने टाकलीय.

कोणता कागद प्रमाण धरायचा? जन्माचा दाखला. जनरल रजिस्टरची पहिली नोंद त्यावरूनच करा. आधार वेगळं असेल तर पालकांना आधार दुरुस्त करायला पाठवा, रजिस्टर आधारप्रमाणे फिरवू नका. जनरल रजिस्टरमध्ये नंतर खाडाखोड करायची तर वरिष्ठांची मान्यता लागते आणि दहावीला ती खाडाखोड मुलाच्या अंगाशी येते. जून-जुलैत हे उरकलं नाही तर यूडायस प्लसच्या ३० सप्टेंबरच्या पटात मूल चुकीचं जातं आणि मग वर्षभर तेच निस्तरावं लागतं.

यूडायसमध्ये आणखी एक सापळा. वर्गवार पट भरताना केजीची मुलं चुकून पहिलीत टाकली की पहिलीचा पट फुगतो, आणि पट फुगला की पोर्टलवर दिसणाऱ्या आरटीईच्या जागांचाही घोळ होतो. नोंदणीच्या वेळी पोर्टलवरचा जागांचा आकडा स्वतः मोजून पाहा. चुकला असेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांनी पडताळणी करून पुढे पाठवायच्या आत सांगा. सोडत निघाल्यावर कुणी ऐकत नाही.

नकाशावरचं शाळेचं ठिकाण हेही तसंच. प्रवेशाला अंतर मोजतात: आधी एक किलोमीटरच्या आतले, मग एक ते तीन किलोमीटरमधले. नकाशावरची खूण (बलून) शाळेच्या इमारतीवर हवी. संस्थेच्या जुन्या कार्यालयावर किंवा गावाच्या मधोमध टाकली तर शेजारच्या वस्तीतली मुलं बाहेर पडतात आणि चार किलोमीटरवरची आत येतात. मग त्यांचं जाणं-येणं जमत नाही, दिवाळीपर्यंत मूल गळतं.

गळलेल्या मुलाचं काय? दाखला दिला की त्याच दिवशी पोर्टल आणि यूडायस दोन्हीकडे नोंद करा आणि पुढच्या दाव्यातून नाव काढा. गेलेल्या मुलाचे पैसे मागितलेले सापडले तर वसुली होते आणि उरलेल्या नऊ मुलांचा दावाही संशयाने तपासतात. हजेरीपटात आरटीईच्या मुलांच्या नावापुढे लाल शाईने खूण करायची काही ठिकाणी पद्धत आहे. ती नको. वेगळी यादी कार्यालयात ठेवा, वर्गात फिरणाऱ्या कागदावर नाही.

ओसरी
फार मदत झाली. केजी ३० वर आणायचं हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. अजून दोन गोष्टी. गणवेश आणि पुस्तकं आम्ही द्यायची की पालकांनी आणायची? आणि प्रवेशाआधी पालकांशी ओळखीपुरती भेट घेतली तर चालेल का? इतर मुलांसाठी आम्ही घेतो.

बारा_एक_सी
भेट नको, आणि इतर मुलांसाठीही बंद करा. कलम १३ मुलाची किंवा पालकांची कोणतीही चाळणी सगळ्यांसाठीच मना करतं, फक्त आरटीईच्या मुलांसाठी नाही. पहिल्या वेळी २५,००० पर्यंत दंड, नंतर दर वेळी ५०,०००. 'ओळखीपुरती' म्हटलं तरी मुलाला रंग ओळखायला लावले की ती चाळणीच.

गणवेश-पुस्तकांवरून सर्वाधिक भांडणं होतात. केंद्राच्या आदर्श नियमांत या मुलांना पुस्तकं, लेखनसाहित्य आणि गणवेश मोफत असं आहे. प्रतिपूर्तीत त्याची वेगळी ओळ येत नाही. वादात पडण्यापेक्षा दहा मुलांचा हा खर्च अंदाजपत्रकात धरा, तो १७,६७० च्या आतलाच समजा. खासगी प्रकाशकांचे महागडे संच लावले असतील तर हीच वेळ आहे पाठ्यपुस्तकं साधी करायची. त्याने फी भरणाऱ्या पालकांचाही भार हलका होतो.

सहल, स्नेहसंमेलन, ओळखपत्र, संगणक, परीक्षा या नावाखाली आरटीईच्या पालकांकडून एक रुपयाही घेऊ नका, पावती देऊनही नाही. तक्रारीला तीच पावती पुरावा होते. आणि या मुलांची वेगळी तुकडी किंवा वेगळी वेळ करता येत नाही. एकच तुकडी असल्यामुळे तुम्हाला तो मोहच नाही, बरं आहे.

तिरपा_डोळा
पहिल्या विश्वस्तांना कुणीच नीट उत्तर दिलं नाही. 'सरकारी माणसं येतात' हे खरंच आहे, पण किती? पडताळणीला केंद्रप्रमुख किंवा पंचायत समितीचं पथक येतं. नमुना २, जनरल रजिस्टर, हजेरीपट, प्रवेशपत्रं, फीचा ठराव, इतर मुलांच्या नमुन्यादाखल पावत्या आणि पासबुक बघतात. सगळं एका टेबलावर मांडलं तर दुपारपर्यंत आटोपतं. मुख्याध्यापक कपाटाच्या किल्ल्या शोधत बसले तर दोन दिवस जातात आणि मग जे मागितलं नव्हतं तेही मागतात.

दाव्याच्या कागदांना शाळेपुरती एक पानाची गोषवारा यादी लावा: अनुक्रमांक, मुलाचं नाव, प्रवेशाचं साल, आत्ताची इयत्ता, आधार वैध आहे की नाही, वर्षभरातली हजेरी, मागणीची रक्कम. खाली एकूण. तपासणारा माणूस त्या पानावरच खुणा करतो आणि फाइल उघडायची गरज दहापैकी दोनांनाच पडते. या पानाची सही-शिक्क्याची एक प्रत स्वतःकडे ठेवा. पुढे कार्यालयातला माणूस बदलला की हीच प्रत पुन्हा द्यावी लागते.

जमाखर्च
वरच्याला जोडून: गोषवाऱ्यात आणखी एक रकाना वाढवा, 'मागील सालची बाकी', मुलागणिक. बऱ्याच शाळा फक्त चालू सालचं मागतात आणि जुनं आपोआप येईल म्हणून बसतात. दरवर्षी बाकीसह लेखी मागणी गेली तर थकबाकीच्या यादीत नाव टिकतं. पत्राला जावक क्रमांक घाला, पोच घ्या.

हिशेबतपासणिसांना आधीच सांगून ठेवा की प्रतिपूर्तीचं खातं वेगळं आहे आणि लेखापरीक्षण अहवालात ते वेगळं दाखवायचं. मान्यतेच्या अटींत लेखापरीक्षित हिशेब आहेतच, नमुना १ भरताना तीच पानं लागतात.

हजेरीपट
@ओसरी, तारखांचं राहिलं. पोर्टलवर शाळा नोंदणी साधारण हिवाळ्यात सुरू होते, पण तारखा दरवर्षी हलतात. २०२४-२५ चे प्रवेश तर कोर्टातल्या प्रकरणामुळे जुलैपर्यंत लांबले. त्यामुळे वर्गात जागा मोकळ्या ठेवायची तयारी जुलैपर्यंत ठेवा. जूनमध्ये उरलेल्या दहा जागा फी भरणाऱ्यांना देऊन टाकू नका. आणि पोर्टलचा पासवर्ड एकाच लिपिकाच्या मोबाइलवर नको. ओटीपी जातो तो नंबर शाळेच्या नावाचा घ्या. लिपिक नोकरी सोडून गेला आणि नंबर त्याच्यासोबत गेला, तर नोंदणीच्या शेवटच्या दिवशी गटशिक्षणाधिकारी कार्यालयात नंबर बदलून घ्यायच्या रांगेत उभं राहावं लागतं.

ओसरी
नंबर लिपिकाचाच आहे. उद्याच बदलते.